चहा नावाची सर्व्हिस

कंपनीच्या बसमधल्या जागांवर नाव लिहिलेलं नसतं, पण प्रत्येक जागेला मालक असतो. हे ज्याला ठाऊक नाही तो नवा, हे ओळखायला चाकणच्या पट्ट्यात कुणालाही ओळखपत्र बघावं लागत नाही. नोव्हेंबरातल्या एका सोमवारी अनुया रहाटणीच्या थांब्यावर बसमध्ये चढली, तर डावीकडच्या तिसऱ्या खिडकीशी, म्हणजे गेली तीन वर्षं जी तिची होती त्या जागेवर, एक उंच मुलगा मांडीवर बॅग घेऊन निवांत बसला होता.

"ही माझी जागा आहे," ती म्हणाली.

त्याने सीटची पाठ पाहिली, मग खिडकीची काच, मग तिला.

"कुठं लिहिलेलं दिसत नाही..."

"लिहावं लागत नाही. सगळ्यांना माहीत असतं."

"बरं. आता मलाही माहीत झालं." तो उठला, तिला खिडकीशी जाऊ दिलं आणि शेजारीच टेकला. ती जागा स्टोअरमधल्या सुजितची होती. भोसरीला सुजित चढला, त्याने दोघांकडे पाहिलं, एकदा खाकरला आणि काही न बोलता मागे जाऊन बसला. सुजितसारखा भांडकुदळ माणूस गप्प बसला, याचा अर्थ संध्याकाळपर्यंत सगळ्या बसला कळला.

मोशीपासून पुढे बस नेहमीसारखी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. तेवढ्या वेळात अनुयाला समजलं, की त्याचं नाव निमिष, गाव अंबाजोगाई, सध्या मुक्काम काळेवाडीत एका मित्राकडे, आणि आजपासून तो त्यांच्याच कंपनीत कॉम्प्युटर-सर्व्हर सांभाळायला रुजू होतोय. सहा महिने प्रोबेशन, मग कायम. कायम झालं की दिघीत दोन खोल्या घ्यायच्या आणि आईला आणायचं, हेही त्याने सांगून टाकलं. बोलताना तो जपून पुणेरी बोलत होता, पण ट्रॅफिकला कंटाळून मध्येच म्हणाला, "हे लोक काय करायलेत पुढं..." अनुयाला हसू आलं, ते तिने खिडकीकडे वळून लपवलं. त्याला ते काचेत दिसलं.

अनुया क्वालिटी विभागात होती. कंपनी ब्रेकचे सुटे भाग बनवायची. तिन्ही शिफ्टमध्ये मोजलेली मापं गोळा करून सकाळचा अहवाल तयार ठेवणं हे तिचं काम, आणि ते काम तिने एका छोट्या प्रोग्रॅमवर सोपवलं होतं. प्लँटच्या लिनक्स सर्व्हरवर ज्याचं त्याचं लॉगिन होतं. सर्व्हरच्या काही सर्व्हिस, म्हणजे सतत चालणारे छोटे प्रोग्रॅम, सगळ्यांसाठी असायच्या. पण कुणालाही आपल्या लॉगिनखाली, आपल्यापुरती एखादी सर्व्हिस पडद्याआड चालवता यायची. तिला खोड एकच. माणूस लॉगआउट झाला की त्याच्या सर्व्हिसही बंद. म्हणून अनुया लॉगआउटच व्हायची नाही. आठ महिने तिचा कॉम्प्युटर चालू होता आणि त्यावर चिकटवलेला कागद होता: 'कृपया बंद करू नये. आज्ञेवरून.'

"कुणाच्या आज्ञेवरून?" निमिषने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"माझ्या."

"मग पाळलीच पाहिजे." त्याने तो कागद हलक्या हाताने काढला. "पण याची गरज नाही. माणूस गेल्यावरही त्याच्या सर्व्हिस चालू ठेवायची परवानगी असते. ती मी द्यायची असते. एका ओळीचं काम आहे."

त्याने तिथेच उभ्या उभ्या ती ओळ लिहिली. झालं. आठ महिन्यांचा जागता कॉम्प्युटर त्या संध्याकाळी पहिल्यांदा झोपला. खरं म्हणजे अशी परवानगी देताना ती कशासाठी हवी हे विचारायचं असतं, हे अनुयाला माहीत होतं. तिने तसं म्हणूनही दाखवलं. तो म्हणाला, "तुम्हाला लागायलीय ना... मग झालं." आणि कान लाल करून निघून गेला. कानच लाल होते, हे अनुयाने दोनदा खात्री करून पाहिलं.

इथवर सगळं सरळ होतं. वाकडं झालं ते चहामुळे.

कँटीनच्या मागच्या खिडकीवर सकाळी पंधरा मिनिटं चहा मिळायचा, पण निमिषला उशीर झाला तर तिथला माणूस त्याच्यासाठी किटली मागे ठेवायचा. कारण निमिषच्या येण्याला ठरलेली वेळ नव्हती. कधी तो बसने नऊला यायचा, कधी कंपनीच्या दुसऱ्या प्लँटला जाऊन अकराला उगवायचा, आणि आल्यावर पहिल्यांदा सर्व्हरवर लॉगिन, मग चहा. डिसेंबरात अनुया एका सकाळी तीनदा खाली गेली, तीन कप चहा प्याली, तो आलाच नाही. दुपारभर छातीत जळजळ. पित्ताची होती, असं तिने डिस्पॅचमधल्या पूनमला सांगितलं.

संध्याकाळी घरी जाण्याआधी तिने आपल्या लॉगिनखाली आणखी एक सर्व्हिस लिहिली. वीस ओळींची. सर्व्हरवर कोण कधी लॉगिन झालं याची नोंद एका फाइलमध्ये पडायची. ही सर्व्हिस त्या फाइलवर डोळा ठेवायची आणि त्यात निमिषचं नाव उमटलं की अनुयाच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी यायची. सर्व्हिसला नाव द्यावं लागतं. तिने दिलं: चहा.

चोरून बघणं ते चोरूनच, मग डोळ्यांनी बघा नाहीतर प्रोग्रॅमने. हे तिला त्याच दिवशी कळत होतं. चिठ्ठी आली की तिचे कान गरम व्हायचे, आणि तरी जिना उतरताना पाय थांबायचे नाहीत.

"योगायोग बघा," निमिष ग्लास पुढे करत म्हणायचा. "मी आलो की तुम्ही असताच."

"तुम्हीच माझ्या वेळेला येता."

"असेल बुवा... मग वेळ चांगलीय तुमची."

ती हसायची आणि मनातल्या मनात मेल्याहून मेल्यासारखी व्हायची. चार महिने रोज ठरवायची, की आज ही सर्व्हिस काढून टाकायची. रोज म्हणायची, उद्या. मार्चमध्ये एकदा सर्व्हिस काही कारणाने पडली, चिठ्ठी आली नाही, आणि खाली निमिष पूनमबरोबर चहा घेऊन गेल्याचं तिला नंतर कळलं. तेव्हा तरी शहाणपण सुचावं. तिने उलट सर्व्हिसला बजावलं, की पडलीस तर तत्काळ उठायचं. अशी सर्व्हिस लागोपाठ पाच वेळा पडली तर सिस्टीम तिचा नाद सोडते, ती मर्यादासुद्धा तिने काढून टाकली. कितीही वेळा पड, पण उठ. प्रेमात पडलेल्या इंजिनिअरच्या हातात सेटिंग देऊ नये ते यासाठी.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी निमिषने सर्व्हरची साफसफाई केली. लॉगिनच्या नोंदींची फाइल सगळ्यांना वाचता येत होती, ती त्याने इतरांना बंद केली. योग्यच केलं. अनुयाची सर्व्हिस ती फाइल वाचायला गेली, वाचता आली नाही, पडली. उठली, पुन्हा गेली, पुन्हा पडली. सेकंदाला चार-पाच वेळा, आणि प्रत्येक वेळी का पडले याचं पानभर रडगाणं एका फाइलमध्ये लिहीत. शनिवार दुपार ते सोमवार सकाळ. सोमवारी पहिली शिफ्ट सुरू झाली तेव्हा डिस्कवर तिळाएवढी जागा उरली नव्हती. लेबलं छापणारा प्रोग्रॅम थांबला. लेबलाशिवाय एकही खोका गेटबाहेर जात नाही. सत्तेचाळीस मिनिटं लाइन उभी राहिली, गेटवर दोन गाड्या उभ्या राहिल्या, आणि ज्यांचा माल होता त्यांचे फोन थेट प्लँटहेडच्या टेबलावर वाजू लागले.

निमिषने धावपळ करून जुने बॅकअप उडवले, जागा केली, लेबलं सुरू केली आणि प्रिंटर बघायला खाली पळाला. अनुयाने जागेवर बसून आपलं फोल्डर उघडलं. रडगाण्याची फाइल तिथे होती, अवाढव्य. वर तिचंच नाव.

तिने काय केलं ते सांगायला हवं. ती उठून खाली गेली नाही. कुणाला हाक मारली नाही. तिने दार बघितलं, कुणी येत नाही याची खात्री केली, चहा बंद केली, ती फाइल पुसली आणि सर्व्हिसच्या वीस ओळीही पुसल्या. अर्धं मिनिट लागलं. मग ती खाली गेली आणि सगळ्यांबरोबर विचारू लागली, "काय झालं?"

मंगळवारी बसमध्ये निमिष शेजारी बसला होता. डोळे तारवटलेले. त्याने सांगितलं, की डिस्कवर लक्ष ठेवणं त्याचं काम होतं, ठेवलं नाही, चूक त्याचीच. कायम होण्याचं पत्र या आठवड्यात होतं. प्लँटहेड मारुतरावांनी ते हातात धरून ठेवलंय, बुधवारच्या मीटिंगनंतर ठरवतील. आईने अंबाजोगाईत भांडी बांधायला घेतली होती, तिला आता काय सांगावं हे त्याला समजत नव्हतं. अनुया म्हणाली, "होईल सगळं नीट." हे वाक्य आपल्याच तोंडून ऐकताना तिला स्वतःची किळस आली. घरी पद्माताईंनी, तिच्या आईने, ताटातलं तसंच राहिलेलं बघून विचारलं, तर ती पुन्हा पित्तावर गेली.

मोठ्या चुकीनंतर चाकणच्या कारखान्यांत 'व्हाय-व्हाय' करतात. फळ्यावर एकाखाली एक पाच 'का' लिहायचे. हे का झालं? मग ते का झालं? पाचव्या का-पर्यंत गेलं की मूळ सापडतं असं म्हणतात. आणि फळ्यावर लिहायचं काम क्वालिटीचं, म्हणजे अनुयाचं.

बुधवारी तिने मार्कर हातात घेतला. निमिष समोर बसून सांगत होता, ती लिहीत होती. लाइन का थांबली? लेबलं छापली गेली नाहीत. का? डिस्क भरली. का? एक फाइल बेसुमार वाढली. का? निमिषने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझा निष्काळजीपणा. लिहा... निमिष, सिस्टीम विभाग."

अनुयाने लिहिलं.

मारुतराव मूळ इथल्याच कुरुळीचे. जमीन गेली, कंपनी आली, आणि ते मशीनवरच्या हेल्परपासून प्लँटहेडपर्यंत चढले. त्यांनी चष्मा काढला.

"पोरी, ते पूस," ते म्हणाले. "मानसाचं नाव हे कारन न्हाई. नाव लिवलं की सगळे घरी जात्यात, आन् बिघाड तितंच ऱ्हातो. फाइल वाढली कशानं, ते सांगा."

निमिष टेबलाकडे बघत राहिला. खोलीत पंखा फिरत होता, बाहेर फोर्कलिफ्ट मागे सरताना वाजत होती. अनुयाने डस्टर उचललं आणि त्याचं नाव पुसलं. पुसलेल्या जागी काहीतरी लिहावं लागणार होतं, आणि ते काय आहे हे, तिच्या समजुतीप्रमाणे, त्या खोलीत फक्त तिलाच माहीत होतं.

ती फळ्याकडे तोंड करूनच बोलली. वळायचं धाडस नव्हतं.

"ती फाइल माझ्या लॉगिनखालची होती. माझी एक सर्व्हिस सारखी पडत होती आणि उठत होती. थांबायची मर्यादा मी काढून टाकली होती. सोमवारी मला कळलं, आणि मी... मी सगळं पुसून टाकलं. दोन दिवस गप्प बसले."

"कशाची सर्व्हिस?" मारुतरावांनी विचारलं.

हाच पाचवा का होता. अनुयाने लिहिलं, 'चहा'. मग वळली. अकरा माणसं तिच्यासमोर बसली होती, त्यांत पूनम, सुजित आणि खाली मान घातलेला तो.

"निमिष सर कधी येतात ते मला कळावं, म्हणून. त्यांच्याबरोबर चहाला जायला मिळावं म्हणून. त्यांना माहीत नव्हतं. कामाशी याचा काही संबंध नाही. माझी मला लाज वाटते."

कुणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं.

निमिष सावकाश उठला. "परवानगी मी दिली होती," तो म्हणाला. "कशासाठी हवी ते विचारायचा नियम आहे. मी विचारलं नाही. तेवढं माझंय."

मारुतरावांनी निकाल दिला. अनुयाला लेखी ताकीद, आणि तिची परवानगी बंद. निमिषचं पत्र एक महिना उशिरा. आणि इथून पुढे अशी परवानगी मागणाऱ्याला सिस्टीमवाल्याने समोरासमोर विचारायचं, कशासाठी, आणि उत्तर अर्जावर लिहायचं. "आन् तुमी दोघं," ते चष्मा चढवत म्हणाले, "चाय तुमचं तुमी बघा. ते माज्या फळ्यावर नगं."

जिन्यात तिने निमिषला गाठलं. माफी मागायला तोंड उघडलं, पण तोच आधी बोलला.

"मला सोमवारीच कळलं होतं. पहिल्या पाच मिनिटांत. फाइलवर नाव होतं तुमचं, आणि सर्व्हिस उघडून वाचली मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून. बसमध्ये मुद्दाम शेजारी बसलो मंगळवारी. आईचं सांगितलं... म्हटलं, आता बोलतील." त्याने कठड्यावरचा हात काढला. "चहाचं मी समजू शकतो, अनुया. ते दोन दिवस नाही समजत."

पहिल्यांदाच त्याने तिला नुसत्या नावाने हाक मारली होती, आणि ती अशी.

मे महिना वाईट गेला. बसमध्ये तो मागे सुजितशेजारी बसू लागला. पॅकिंगमधल्या बाया तिला बघून एकमेकींना कोपराने ढोसायच्या, पूनमने एकदा लाडीगोडी लावून विचारलं, "आमच्यासाठी पण एक लिहून दे ना गं, नवरा घरी कधी येतो ते कळेल." अनुया हसली, कारण न हसणं शोभलं नसतं. चहाच्या खिडकीकडे ती फिरकली नाही. अहवालासाठी ती रोज एक तास आधी यायची आणि मापं हाताने गोळा करायची. शिक्षा कुणी सांगितली नव्हती, तिची तिनेच घेतली होती. निमिषचं पत्र महिन्याने झालं हे तिला सुजितकडून समजलं. त्या रात्री ती पंधरवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवली.

जूनमध्ये मारुतरावांनीच फर्मान काढलं, की हाताने अहवाल करणं पुरे, पोरीने परवानगीसाठी रीतसर अर्ज करावा. अर्ज केला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, भरल्या हॉलमध्ये, निमिष तो कागद घेऊन तिच्या टेबलाशी आला.

"नियम आहे," तो म्हणाला. "समोरासमोर विचारावं लागतं."

"विचारा."

"सर्व्हिस कशासाठी हवी?"

"सकाळच्या अहवालासाठी. तिन्ही शिफ्टची मापं गोळा करायला."

त्याने लिहून घेतलं. पेन उचललं नाही. "आणखी काही?"

मान खाली घालून 'नाही' म्हणता आलं असतं. कुणी पुढे विचारलं नसतं. तो कागद घेऊन गेला असता, आणि ते तिचं पहिल्यापेक्षा मोठं पुसून टाकणं झालं असतं. तिने वर पाहिलं.

"आणखी आहे," ती म्हणाली. "पण ते आता मशीनला सांगणार नाही. तुम्हालाच सांगते. मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. हे मी तेव्हा तोंडाने म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. आणि त्या सोमवारी जे म्हणायला हवं होतं, तेही म्हटलं नाही. दोन्हींची लाज वाटते. आवडण्याची नाही वाटत."

पलीकडे कुणाचा तरी स्टेपलर खाली पडला. निमिषचे कान लाल झाले होते, आणि या वेळी खात्री करायची गरज नव्हती.

"मला राग होता," तो हळू म्हणाला. "थोडा अजून आहे."

"असू दे. मी थांबेन."

"पण एक माझंही आहे, तेही ऐक." तो नकळत 'तू'वर आला. "तेव्हा मी कशासाठी ते विचारलं नाही, ते विसरलो म्हणून नाही. विचारलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस आणि काम संपलं असतं. म्हटलं, अर्धवट ठेवू... काही अडलं की पुन्हा येईल. मी कवापासून वाट बघायलोय, तुला काय सांगू."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. दोन्ही तिने लपवलं नाही. तो खाली वाकला, अर्जावरच्या शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द लिहिले, सही केली आणि कागद तिच्यापुढे सरकवून निघून गेला. हॉलमधल्या सगळ्या माना तिच्याकडे वळलेल्या असताना अनुयाने तो वाचला.

शेरा होता: 'विचारलं. मंजूर.'